फॉरमॅट मारण्याआधी एक प्रश्न विचारा

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण घरात, शाळेत, ऑफिसात कम्प्युटर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात सकाळी बातमी पाठवायला लॅपटॉप चालू केला, तर काळा पडदा. त्यावर इंग्रजीत एवढंच, की असं पार्टिशन नाही. खाली 'ग्रब रेस्क्यू'. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. दोन्ही बंद. पोटात गोळाच आला. आत तेरा वर्षांच्या बातम्या, फोटो, ग्रामसभांची रेकॉर्डिंग, माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं. बॅकअप? तो लोकांना सांगायचा असतो, आपण घ्यायचा नसतो!

दुकानात नेला. पोरानं बघितलं न बघितलं, लगेच म्हणाला, "सर, हार्ड डिस्क गेली. फॉरमॅट मारावा लागेल."

"आतला डेटा?"

"तो जाणार ना सर."

लॅपटॉप उचलला आणि घरी आलो.

रात्री डोकं शांत झाल्यावर आठवलं. आदल्या संध्याकाळी जागा करायची म्हणून मीच विंडोजमधून रिकामा डी ड्राइव्ह उडवला होता. म्हणजे चूक माझीच. आता गंमत बघा. दोन सिस्टीम असल्या की आधी ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू होतो आणि विचारतो, विंडोज की उबुंटू? त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला असतो, बाकीचा उबुंटूच्या पार्टिशनमध्ये. पहिल्या तुकड्याकडे पत्ता होता सहा नंबरचा. मी पाचवं पार्टिशन उडवलं, जुन्या पद्धतीची डिस्क असल्यानं सहाव्याचं झालं पाचवं. पोस्टमन जुना नंबर शोधत बसला. घर जागेवर, माणसं आत सुखरूप, फक्त दारावरची पाटी बदललेली.

मोबाईलवर वाचत वाचत 'एलएस' कमांडनं पार्टिशनांची यादी काढली. एकेक उघडून बघितलं, पाचव्यात ग्रबचं फोल्डर सापडलं. 'रूट' आणि 'प्रीफिक्स'ला नवा पत्ता दिला, 'नॉर्मल' मॉड्यूल लोड केलं आणि नेहमीचा मेनू समोर! उबुंटूत शिरून आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. मग 'ग्रब इन्स्टॉल' आणि 'अपडेट ग्रब' चालवलं. दोन्ही सिस्टीम सुरू. एक फाइलसुद्धा गेली नाही.

हे सगळ्यांनी करावं असं नाही. नव्या मशीनवर पद्धतही वेगळी असते. पण उबुंटूचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून मशीन चालू करता येतं. 'इन्स्टॉल' नाही, 'ट्राय' निवडायचं. डिस्क धड असेल तर फाइली दिसतात, कॉपी करून घ्यायच्या. विंडोजला बिटलॉकरचं कुलूप असेल तर रिकव्हरी की लागेल. आणि डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र मशीन बंद करा, जाणकाराकडे न्या.

आता खरा मुद्दा. दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी जुन्या कामांची माहिती मागितली होती. उत्तर आलं, 'संगणक फॉरमॅट केल्यामुळे माहिती उपलब्ध नाही.' मी चार ओळींची बातमी केली आणि विषय सोडला. मला तेव्हा वाटलं, मशीन बिघडलं म्हणजे माहिती गेलीच. डिस्क खरंच खराब होती का, हे कुणी तपासलं? फॉरमॅटआधी कॉपी घेतली का? फॉरमॅट मारायला परवानगी कुणाची? यातलं काहीच मी विचारलं नाही. माहिती अधिकार कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ४ नुसार अभिलेख नीट सांभाळणं हे कार्यालयाचंच काम आहे. पत्रकार म्हणून ती चूक माझ्या पदरात आहे. त्या विषयावर या आठवड्यात पुन्हा अर्ज टाकतोय.

कम्प्युटर सुरू होत नाही याचा अर्थ आतलं गेलं असा नाही. बऱ्याचदा ते फॉरमॅट मारल्यावर जातं. तेव्हा दुकानात असो की सरकारी टेबलासमोर, आधी एवढंच विचारा, "कॉपी घेतली का?"

तुमच्याकडेही असं उत्तर आलं असेल तर कमेंटमध्ये लिहा.