सुटीचें टिपण

सुटी मिळाली कीं ती कशी घालवावी याचें टिपण करण्याची मला जुनी खोड आहे. वाचकांपैकींहि पुष्कळांना ती असेल. गेल्या दिवाळींत बीडला गेलों तेव्हांहि मीं टिपण केलें: सकाळीं कंकालेश्वर, दुपारीं खजाना बावडी, सायंकाळीं बाजार. परंतु कंकालेश्वराचें तें पाण्यानें वेढलेलें देऊळ पाहून होतांच माझी मुलगी हटून बसली, "आतां नदीवर जाऊं!"

मला संकोच वाटला तो अण्णांचा. 1989 सालच्या पुरांत आमचें नदीकांठचें घर गेलें. घराबरोबर माझे धाकटे काकाहि गेले. तेव्हांपासून पूल ओलांडतांना अण्णा पाण्याकडे पाहत नसत. पण नातीच्या हट्टापुढें ते "चला" म्हणाले.

बालाघाटाच्या डोंगरांतून निघून, शहराच्या मधून वाहत सिंदफणेला मिळणारी बिंदुसरा उन्हाळ्यांत नांवापुरतीच उरते. त्या दिवशीं मात्र पोटरीभर पाणी होतें. आम्ही एका खडकावर बसलों. मुलगी चपटे दगड पाण्यावर नाचवूं लागली. पलीकडे दोन म्हशी डुंबत होत्या. मीं दोनदां घड्याळ पाहिलें. तिसऱ्यांदा पाहण्याची मला लाज वाटली.

"आजोबा, एवढ्याशा नदीला पूर कसा येतो?" मुलीनें एकाएकीं विचारलें.

अण्णा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "खजाना बावडी 1582 सालीं सलाबतखानानें बांधविली. ती माणसानें बांधलेली. तिचें पाणी आपल्या मर्यादेंत राहतें. नदीचें पात्र मोठें असतें, बाळ. ती रोज तें सगळें वापरीत नाहीं, इतकेंच. आम्हांला वाटलें, जागा मोकळीच आहे."

तेथें घर बांधण्याचा आग्रह अण्णांचाच होता, हें मला आईकडून ठाऊक होतें. इतकीं वर्षें मी समजत होतों कीं त्यांचा राग नदीवर आहे. तो कोणावर होता, हें त्या खडकावर मला प्रथम उमगलें. त्यांचें समाधान करावें असें मनांत आलें. पण योग्य शब्द सुचेना, म्हणून गप्प राहिलों.

थोड्या वेळानें तेच नातीला म्हणाले, "तुझ्या धाकट्या आजोबांना मीं येथेंच पोहायला शिकविलें. फार भित्रा होता." आणि ते किंचित् हंसले. काकांविषयीं ते आपण होऊन बोललेले मीं कधीं ऐकलें नव्हतें. मग एकामागून एक आठवणी निघाल्या, आणि दुपार कशी सरली तें कळलें नाहीं.

परततांना पुलावर अण्णा थांबले आणि कठड्याला हात टेकून खालीं पाहत राहिले. आम्ही त्यांना घाई केली नाहीं.

रात्रीं सदरा काढतांना खिशांतून तें टिपण निघालें. त्यांतलें एकच काम झालें होतें.