हुसेन सागरच्या काठावर आठवलेला मासा

हैदराबादला मावशीकडे गेलं की एक संध्याकाळ हुसेन सागरच्या काठावर ठरलेलीच. कुतुबशाहीत बांधलेला तलाव आणि मध्यभागी १९९२ साली उभा राहिलेला, एकाच दगडातला बुद्ध. या वेळी मात्र माझं लक्ष पाण्याकडेच जात होतं. हिरवट, गढूळ, आत काय आहे याचा पत्ताच लागत नाही.

मी सातवीत असताना आमच्या फिशटँकमध्ये काच साफ करणारा सकर मासा होता. तो टँकमध्ये मावेना, तेव्हा बाबा आणि मी त्याला गावाबाहेरच्या तलावात सोडून आलो. 'बिचारा मोकळा झाला' म्हणून मी टाळ्याही वाजवल्या होत्या.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखतासारखं कडक कवच. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही तो हवा गिळून तग धरतो, काठात बिळं करतो, मासेमारांची जाळी फाडतो. राहतो तळाशी, म्हणून नजरेस पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

मग शोधायचा कसा? उत्तर याच शहरात आहे. इथल्या सीसीएमबीच्या लॅकोन्स प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी पूर्व घाटातल्या जलाशयांत हा मासा शोधला, तोही नुसत्या पाण्यावरून. मासा पोहताना पेशी, अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठा पाण्यात सोडतो. त्यात त्याचा डीएनए असतो. पाणी अतिशय बारीक गाळणीतून गाळायचं, गाळणीवर अडकलेला डीएनए वेगळा करायचा आणि पीसीआर चाचणीने तपासायचा. करोनात आपण नाकातला नमुना दिला होता ना, तसंच हे तलावाचं! मासे नेमके किती, हे त्यातून कळत नाही. पण डीएनए पाण्यात काही दिवसांत किंवा आठवड्यांत विरतो, त्यामुळे मासा हल्लीच तिथे किंवा प्रवाहाच्या वरच्या अंगाला होता, एवढं समजतं. अनेक जलाशयांत उत्तर 'होय' आलं.

घरी परतले तर भाच्याने नवा फिशटँक दाखवला. काचेला सकर चिकटलेला. "मावशी, मोठा झाला की याला तलावात सोडणार!" मी त्याला जवळ बसवलं आणि माझ्या टाळ्यांची गोष्ट सांगितली.

तुमच्या घरीही असा मासा असेल, तर तो दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला द्या. तलावात मात्र नको.