बदली तासिकांची वही

खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या दरम्यान पर्यवेक्षक नावाचे जे एक पद असते, त्याची दखल पालक सहसा घेत नाहीत. आणि खरे सांगायचे तर, सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझा क्रमांक लागून संस्थेचा हुकूम हाती पडेपर्यंत, मलाही ती मुख्याध्यापकपदाच्या वाटेवरची एक पायरी यापलीकडे काही वाटत नव्हती. 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीने बढतीत ज्येष्ठतेला मान दिला, आणि वशिल्याला आळा घालण्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु काल ज्यांच्या डब्यातली भाजी आपण हक्काने खाल्ली, त्यांच्या टाचणवहीवर आज तांबड्या शाईने शेरा कसा मारावा, हे कोणतीही नियमावली शिकवीत नाही.

माझा खरा अंमल चालला तो बदली तासिकांच्या वहीत. प्रार्थना सुरू असतानाच हजेरीपटावरून गैरहजर शिक्षक टिपायचे, वेळापत्रकाच्या तक्त्यात रिकामा तास कोणाचा ते शोधायचे, आणि शिपायाकरवी वही फिरवून सह्या घ्यायच्या, हा नित्यक्रम. त्यातच 30 सप्टेंबरच्या पटसंख्येवर संचमान्यता होऊन एखादा शिक्षक अतिरिक्त ठरला, की मोठ्या कष्टाने बसविलेले वेळापत्रक पुन्हा मोडावे लागे.

ऐन पावसाळ्यात एके दिवशी हिंदीचे एक ज्येष्ठ शिक्षक, ज्यांनी आजवर अवाक्षर न काढता सही केली होती, ते वही घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले. "अहो सर, रिकामा तास काय एवढा माझाच दिसतो?" आम्ही दोघांनी मिळून वर्षारंभापासूनची पाने उलटली, आणि कुरकुर करणाऱ्यांची नावे क्वचित व मुकाट्याने सही करणाऱ्यांची वारंवार यावीत, हा पूर्वापार चालत आलेला रिवाज तिथे स्पष्ट दिसला. त्या दिवसापासून वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाच्या बदली तासिकांची बेरीज, कोणालाही पाहता येईल अशी, लिहिली जाऊ लागली. कुरकुर थांबली नाहीच (ती कोणत्या शिक्षकखोलीत थांबते?), परंतु भांडण आता माझ्या मर्जीशी न होता आकड्यांशी होऊ लागले.

संस्थाचालकांना माझी विनंती एवढीच, की ज्येष्ठतेचा हक्क जरूर राखावा. मात्र ज्याची पाळी जवळ आली आहे, त्याच्याकडे निदान वर्षभर आधी ही वही सोपवावी.