दोन जन्मतारखा

विद्यार्थी मित्रांनो, हा धडा वाचण्यापूर्वी वर्गात एक गंमत करून पाहा. ज्यांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै आहे, त्यांनी हात वर करावेत. आमच्या वर्गात मी हे करून पाहिले, तेव्हा इतके हात वर झाले की मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, यांच्या वाढदिवसाला एकच केक पुरेल!"

खरे म्हणजे इतकी मुले एकाच दिवशी जन्मलेली नसतात. उन्हाळ्याची सुट्टी संपते आणि वडील मुलाचे बोट धरून पहिलीत नाव घालायला येतात. गुरुजी विचारतात, "जन्मतारीख?" वडील डोके खाजवतात. "कापूस वेचणीचे दिवस होते, गुरुजी," असे म्हणतात. कापूस वेचणीचे दिवस रजिस्टरात लिहिता येत नाहीत. मग मुलाला सहा वर्षे पूर्ण झाली असे दिसेल, अशा बेताने गुरुजी १ जून लिहून टाकतात. माझ्या अब्बांची तारीखही अशीच १ जुलै आहे. दादी मात्र नेहमी सांगायची, ते ऐन थंडीत जन्मले.

कागदावर ही तारीख अगदी साधी दिसते. मैदानावर ती काय करू शकते, हे मला २०१९ साली कळले.

मी वर्धा जिल्ह्यातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्याकडे तेव्हा शारीरिक शिक्षणाचे वेगळे शिक्षक नव्हते. मुख्याध्यापकांनी एके दिवशी मला बोलावले आणि क्रीडाप्रमुखाचे काम माझ्या हाती दिले. मी आयुष्यात फार तर गल्लीतले क्रिकेट खेळलेलो. पण बी.एड. झालेल्या माणसाला सगळे येते, असा आमच्या शाळेत समज आहे! कबड्डीला मैदानाशिवाय काही लागत नाही, म्हणून मी कबड्डी निवडली आणि नियमांचे पुस्तक वाचायला बसलो.

तुम्ही शाळेच्या संघातून खेळत असाल, तर ही व्यवस्था थोडी समजून घ्या. आमच्या जिल्ह्यात वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. आधी तालुक्यात सामने होतात. तालुक्याचा विजेता जिल्ह्याला जातो, जिल्ह्याचा विजेता नागपूर विभागाला आणि विभागाचा विजेता राज्याला. राज्याचे काम पुण्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय पाहते, जिल्ह्याचे काम जिल्हा क्रीडा अधिकारी पाहतात. जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्याहून वर राष्ट्रीय स्पर्धा. त्या भरवणारी संस्था म्हणजे स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडिया. ती १९५४ साली स्थापन झाली. म्हणजे तुमच्या शाळेमागच्या धुळीच्या मैदानातून एक वाट थेट दिल्लीपर्यंत जाते.

या वाटेवर पहिल्याच पायरीला एक दार आहे, ते वयाचे. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट असतात. वय मोजायची तारीख ३१ डिसेंबर. २०१९ च्या स्पर्धेसाठी चौदा वर्षांखालील गटात १ जानेवारी २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलाच मुलगा चालत होता. आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर २००५ ला, जन्मलेला मुलगा चालत नव्हता. एका दिवसाने काय मोठा फरक पडतो, असे तुम्ही म्हणाल. एका दिवसाने पडत नाही. पण रेष कुठेतरी ओढावीच लागते. नाहीतर दाढी आलेला मुलगा सातवीतल्या मुलाची पकड करील आणि त्याचा खांदा निखळवील. कबड्डीत म्हणूनच वयाबरोबर वजनही पाहतात.

आता आमच्या चढाईपटूकडे येतो. त्याचे नाव सांगत नाही. तो आता मोठा झाला आहे आणि त्याला ते आवडणार नाही. तो आठवीत होता. बारीक अंगाचा, पाय मात्र हरणासारखे. चढाईला गेला की आधी बोनस रेषा ओलांडून एक गुण घ्यायचा आणि मग कोपऱ्यातल्या गड्याला बोटाने शिवून परत यायचा. त्याचे वडील हमाली करायचे. त्याच्याकडे बूट नव्हते, तेव्हा मोहल्ल्यातल्या लोकांनी चंदा जमवून सगळ्या संघाला बूट आणि जर्सी घेऊन दिल्या. हिरवी जर्सी, पाठीवर आकडे. मुले ती घालून रात्री झोपत, असे त्यांच्या घरचे सांगत.

स्पर्धेचा अर्ज मी भरला. शाळेच्या रजिस्टरात त्याची जन्मतारीख १ जून २००६ होती. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर जी तारीख होती, तीच आमच्या रजिस्टरात उतरली होती. मी उतारा काढला, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि अर्ज पाठवला. १ जून पाहूनही माझ्या मनात काही आले नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्याचे मूळ इथे आहे.

तालुक्याची अंतिम लढत आम्ही तीन गुणांनी जिंकली. समोरच्या संघात एका मुलाला चांगली मिशी फुटलेली होती. आमची मुले मला म्हणत होती, "सर, हरकत घ्या! तो चौदाचा नाही." हरकत म्हणजे तक्रार. ती लेखी द्यावी लागते, ठरलेल्या वेळेत द्यावी लागते आणि तिच्यासाठी शुल्क भरावे लागते. मी मुलांना सांगितले, "मिशी हा पुरावा नाही. कागद हा पुरावा." हे वाक्य मी फार ऐटीत म्हटले होते.

चार दिवसांनी त्या चढाईपटूची अम्मी शाळेत आली. तिला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मी तिला विजयाबद्दल मुबारकबाद दिली. ती खूश झाली आणि बोलू लागली.

"सर, हा झाला तेव्हा मी सेवाग्रामच्या दवाखान्यात होते. बाहेर दिवाळीचे दिवे लागले होते आणि आमचे रोजे संपत आले होते. त्याच्या अब्बूंनी दवाखान्याच्या पायरीवर इफ्तार केला."

माझे पेन थांबले. दिवाळी आणि रमजान ईद एका आठवड्यात? मग जून कुठून आला? मी मनातल्या मनात हिशेब करू लागलो. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते. दिवाळीही तशीच मागे सरकते, पण साधारण तीन वर्षांत पंचांगात अधिक महिना येतो आणि ती पुन्हा पुढे जाते. त्या रात्री मी जुन्या तारखा शोधल्या. २००४, २००५ आणि २००६ अशी लागोपाठ तीन वर्षे दिवाळीनंतर तीन-चार दिवसांनीच ईद आली होती! २००७ साली अधिक महिना आला आणि ही जोडी फुटली. मुलगा २००६ च्या ऑक्टोबरात जन्मला असेल, तर रजिस्टरापेक्षाही लहान. काही अडचण नाही. २००५ असेल, तर तो गटात बसत नव्हता. मी अल्लाहकडे २००६ मागितले, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी अम्मीने शिष्यवृत्तीसाठी जन्माचा दाखला आणला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. त्यावर तारीख होती ३ नोव्हेंबर २००५. दोन महिन्यांनी, तेही पुरे नाहीत, मुलगा रेषेबाहेर होता.

मित्रांनो, हा दाखला त्या खोलीत दोघांनीच पाहिला होता, आणि त्यांतल्या एकीला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "रजिस्टर हाच पुरावा. तुम्ही काय तहसीलदार आहात? आणि दुसऱ्या शाळा काय करतात ते तुम्हाला माहीत नाही का?" त्यांचे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. मुलाने काही लपवले नव्हते. तारीख त्याने लिहिली नव्हती. शरीराने तर तो संघातला सगळ्यात बारीक होता. दोन दिवस मी गप्प राहिलो. त्या दोन दिवसांत मला माझे मिशीचे वाक्य सारखे आठवत होते.

वयाचा हा प्रश्न काही आपल्याच गावचा नाही. २००१ साली अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत न्यूयॉर्कच्या डॅनी अल्मोंटे नावाच्या मुलाने मोठी कमाल केली होती. ती स्पर्धा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची होती आणि तो चौदा वर्षांचा निघाला. त्याच्या संघाचे सगळे विजय रद्द झाले. दोष मोठ्या माणसांचा होता, मुलाला कोणी दोषी धरले नाही. पण विजय गेले ते गेलेच. फुटबॉलच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात २००९ पासून खेळाडूंच्या मनगटाची एमआरआय तपासणी होऊ लागली. आपल्या देशात क्रिकेटमध्येही मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. आमच्या तालुक्यात एक्स-रे नव्हता. तिथे फक्त मुख्याध्यापकांची सही होती, आणि त्या सहीखालचा कागद मी लिहिला होता.

तिसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्र तयार करा. मी सही करतो."

ते पत्र घेऊन मी तालुका संयोजकांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचले. "सर, हरकतीची मुदत तर संपली. कोणी हरकत घेतलीच नाही," ते म्हणाले. मी म्हणालो, "आम्हीच घेतो आहोत, आमच्यावर." ते हसले नाहीत. त्यांनी वर विचारले. दोन दिवसांनी निर्णय आला. आमचा निकाल रद्द झाला, उपविजेता संघ जिल्ह्याला जाणार होता. हो, तोच मिशीवाला संघ.

मुलांना सांगणे हे सगळ्यात कठीण काम होते. मी त्यांना मैदानावर गोल बसवले आणि सांगितले. कोणी ओरडले नाही. कर्णधाराने विचारले, "बाकीच्या अकरा जणांनी काय केले होते, सर?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नियमाप्रमाणे संघ एक असतो, एवढे मी बोललो, पण ते मलाच पोकळ वाटले. चढाईपटू खाली मान घालून जमिनीवर बोटाने रेघा ओढत होता. सगळे उठले तरी तो उठला नाही.

"सर, मी वय लपवलं होतं का?"

"नाही, बेटा. मी विचारलं नव्हतं."

त्याने जर्सी धुऊन, घडी करून दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ठेवली. मी परत दिली, तर घेतली नाही.

मग मी निदान एक काम पुरे करायचे ठरवले. रजिस्टरातली जन्मतारीख विद्यार्थी शाळेत असेपर्यंतच सहज दुरुस्त होते. शाळा सोडल्यावर ते फार अवघड जाते. पालकांचा अर्ज, जन्माचा दाखला, शाळेचा प्रस्ताव आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, असा तो रस्ता आहे. मी अम्मीबरोबर बसून अर्ज लिहिला. काही महिन्यांनी मंजुरी आली आणि रजिस्टरात लाल शाईने नवी तारीख चढली. मी तिला म्हणालो, "आपा, आता पुढच्या वर्षी हा सतरा वर्षांखालील संघात खेळेल. कोणी बोट दाखवणार नाही."

पुढचे वर्ष २०२० होते. कोरोना आला. शाळा बंद झाल्या, स्पर्धा थांबल्या. त्याचे नववीचे वर्ष तसेच गेले, दहावीचेही गेले. २०२२ साली पुन्हा शालेय सामने सुरू झाले, तेव्हा मी परिपत्रक उघडून आधी सतरा वर्षांखालील गटाची तारीख पाहिली. १ जानेवारी २००६ किंवा त्यानंतर जन्मलेला. तीच रेष, तीन वर्षांनी! आणि तो पुन्हा त्याच दोन महिन्यांनी बाहेर. एकोणीस वर्षांखालील गट त्याला मोकळा होता, पण तोपर्यंत तो अकरावीत गेला होता आणि संध्याकाळी मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करत होता.

त्या वेळी पत्र दिले नसते, तर तो निदान एकदा वर्ध्याला जिल्ह्याच्या मैदानावर खेळला असता. हे मला माहीत आहे. तरी आज तोच दाखला माझ्यापुढे आला, तर मी तेच पत्र लिहीन. फक्त आता मी अर्ज भरायच्या आधी, जुलै महिन्यातच, प्रत्येक खेळाडूच्या घरी जातो. दाखला मागतो. दाखला नसेल, तर अम्मीला किंवा दादीला विचारतो की तेव्हा थंडी होती की पाऊस, रोजे होते की नव्हते. लोक हसतात. म्हणतात, मराठीचे सर ज्योतिषी झाले.

गेल्या वर्षी तो शाळेत आला होता. हातांना ग्रीसचा वास, उंची माझ्यापेक्षा जास्त. त्याची धाकटी बहीण आमच्याकडे शिकते आणि तिला खो-खोच्या संघात घेतले होते. संमतीच्या कागदावर घरच्यांची सही हवी होती. त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्या जन्माचा दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, सही नंतर. आधी रजिस्टर दाखवा."

मी कपाटातून रजिस्टर काढले. आम्ही दोघांनी वाकून तिचे नाव शोधले. तारीख जुळत होती. त्याने ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा एकदा वाचली, मग पेन मागितले.