घर आपलं, जागा दुसऱ्याची

मुंबई-नाशिक महामार्ग सोडून भिवंडीकडे निघालं की वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे ही गावं लागतात. इथल्या आगरी शेतकऱ्यांच्या भातखाचरांत आता गोदामं उभी आहेत. घरबसल्या मागवलेल्या कितीतरी वस्तू या पत्र्यांच्या छपराखालून पुढे जातात. जमिनीला भाव आला, तसा गावाचा चेहरा बदलला. इथून जाताना मला मात्र या तालुक्यातल्या कातकऱ्यांची आठवण येते. ज्यांच्या नावावर जमीन कधी नव्हतीच, त्यांच्या वाट्याला हा भाव कोणत्या रूपाने येतो?

खैराच्या झाडापासून कात काढणं हा कातकऱ्यांचा जुना व्यवसाय. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि तो हातून गेला. मग कोळसा पाडणं, दुसऱ्याच्या शेतात राबणं, वीटभट्टीवर जाणं सुरू झालं. वेठबिगार प्रतिबंधक कायदा 1976 साली आला, तरी माणसं उचलीच्या कर्जात अडकतच राहिली. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना याच वसई-भिवंडी पट्ट्यात वेठबिगारांच्या सुटकेसाठी उभी राहिली.

या समाजाबद्दल लिहिलं गेलेलं नाही, असं नाही. एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे खंड 1920 ते 1922 या काळात निघाले, त्यांत कातकरी आहेत. पुढे 1934 साली वेलिंग यांनी कातकऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पोटभेद, लग्नविधी, देव, भुतंखेतं यांच्या अशा नोंदी मोलाच्या आहेत. त्या नसत्या तर बरंच काही पुसून गेलं असतं. पण नोंद घेणारा निघून गेल्यावर वाडीच्या हाती काय उरतं, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

कुटुंबाचंच पाहा. कातकऱ्यांत मुलाचं लग्न झालं की तो बहुधा वेगळी झोपडी घालतो. वरवर पाहणाऱ्याला कुटुंब विखुरलेलं वाटतं. पण नात्याची माणसं वाडीवाडीत पसरलेली असतात आणि अडीनडीला तीच धावून येतात. दिवाळीनंतर नवरा-बायको जोडीने उचल घेऊन भट्टीवर जातात, पोरंही बरोबर जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर पाहणीला गेलेल्या माणसाला बंद झोपड्या दिसणार आणि शाळेच्या हजेरीत पोरं गैरहजर. तेवढ्यावरून या लोकांना घराची ओढ नाही, असं कुणी लिहिलं तर तो अन्याय होईल. दर पावसाळ्याआधी ती त्याच झोपडीकडे परत येतात, हा ओढीचा पुरावा नाही तर काय?

श्रद्धेचंही तसंच. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत वाघबारस पाळतात, वाघदेवाला मान देतात. हे देव बहुधा झाडाखाली, बांधावर, वाटेच्या कडेला असतात. त्यांना देऊळ नसतं, विश्वस्त नसतात, सातबारा तर नाहीच. जमीन विकली जाते तेव्हा अशा देवाची जागा कुठल्या कागदावर येणार? ज्या मातीत पूर्वज आहेत, जिथे देव आहे, जिथे चूल पेटते, ती माती परक्याच्या नावावर असेल, तर माणसाचं आपलेपण दुसऱ्याच्या मर्जीवर टिकून राहतं.

म्हणूनच डॅनिएल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं काम मला महत्त्वाचं वाटतं. रायगड-ठाणे भागातल्या कितीतरी कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खासगी मालकांच्या जमिनीवर आहेत आणि जमिनीचे भाव चढले की त्यांच्यावर हुसकावलं जाण्याची टांगती तलवार येते, हे त्यांनी लोकांना सोबत घेऊन शोधलं. ‘फायटिंग इव्हिक्शन’ हे त्यांचं पुस्तक 2013 साली आलं. इथे कातकरी नुसते माहिती देणारे राहिले नाहीत. वाडीचे नकाशे काढण्यात, घरं मोजण्यात आणि गावठाणाच्या मागणीचा विचार करण्यात ते स्वतः होते. संशोधन असं लोकांच्या हातात आलं, की प्रश्न विचारण्याचा हक्कही त्यांच्याकडे येतो.

कायद्यात वाट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966च्या कलम 122 नुसार जिल्हाधिकाऱ्यांना गावठाणाची हद्द ठरवता येते. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत देशातल्या 75 अतिदुर्बल आदिवासी गटांना पक्की घरं देण्याचं ठरलं. महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे त्यांपैकी तीन. पण घर बांधायला पायाखालची जमीन लागते, आणि मालकाची परवानगी मागत बसलेल्या माणसापर्यंत योजना पोचता पोचत नाही.

कातकरी वाडीवर प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि प्राध्यापकाला माझी विनंती आहे. तुम्ही कुळं विचाराल, देव विचाराल, लग्नाच्या चाली विचाराल. त्याबरोबर ही झोपडी कुणाच्या गटनंबरात आहे, हेही विचारा. भट्टीवरून माणसं परतल्यावर जा, आणि तुमच्या अहवालाची मराठी प्रत ग्रामसभेपुढे ठेवा. भिवंडीत गोदामाला जागा मिळते. इथल्या कातकऱ्याच्या घरालाही ती त्याच्या नावावर मिळाली पाहिजे.