डोक्यावरचा तवा

नागपुरात वरच्या मजल्यावर मे महिन्यातला खरा छळ दुपारचा नसतो, रात्रीचा असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहानंतरही उष्णता खाली सोडत राहतो. आजी ऐंशीच्या घरातल्या. पंखा गरम वाराच फिरवायचा, आणि पहाटेपर्यंत त्यांचा डोळा लागत नसे.

मुलाने एसी घ्यायचं ठरवलं. सून मात्र विजेचं बिल पुढ्यात घेऊन बसली. महावितरणचा दर ३०० युनिटांपुढे चढतो, आणि तापल्या छताखाली एसी थांबायचं नावच घेत नाही!

तिने आधी गच्ची धरली. घासून घेतली, भेगा बुजवल्या, चुन्यात फेव्हिकॉल कालवून दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परत फेकतो, एवढंच त्यातलं शास्त्र. अहमदाबादेतल्या गच्च्यांवर चिनी मातीचे पांढरे तुकडे बसवतात ते काही केवळ शोभेसाठी नव्हे. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. पश्चिमेच्या खिडकीला ताटी बाहेरून लावली. काचेतून ऊन आत शिरल्यावर पडदा काय करणार?

चुन्यावर धूळ बसते, पावसात तो झिजतो. दर फाल्गुनात पुन्हा हात द्यावा लागतो. एसी पुढच्या वर्षी आलाच. पण मध्यरात्री आजी स्वतःच उठून तो बंद करतात.