गोळी

माझी पुतणी पुण्याला प्रयोगशाळेत आहे. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काका, मऊ-चिकट पदार्थ कसे वाहतात, दाबल्यावर कसे आकार बदलतात, ते मोजते." मला हसूच आलं. आमच्या आबांनी उभ्या हयातीत दुसरं काय केलं? ते गुळव्या होते. करवीर तालुक्यात कुठं कुठं गुऱ्हाळ लागलं की त्यांना सांगावा यायचा.

रस काहिलीत पडतो तेव्हा पाण्यासारखा. भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती काढत राहायची. मग आटवणं. आधी फेस उसळतो, पुढं बुडबुडे जड होतात, फुटताना पकपक करतात. 105 अंशांच्या आसपास काकवी, 118 च्या पुढंमागं गूळ. हे आकडे पुतणीचे. आबांकडं गार पाण्याची वाटी होती. तीत पाक सोडायचा, बोटांनी वळायचा. पसरला तर कच्चा. गोळी होऊन काहिलीच्या काठावर टण्ण वाजली, की उतरा!

1977 च्या थंडीत आमचाच ऊस गाळपाला होता आणि आबा तापानं फणफणलेले. मी दहावी होऊन घरी. रात्रीचं शेवटचं आदण, डोळ्यांवर झोप. गोळी वळली, पण वाजवून बघितली न्हाई. "उतरा" म्हणालो.

सकाळी चार रवे ताठ उभे. मला आपलं बरं वाटलं. संध्याकाळी त्यांची पोटं सुटली. तिसऱ्या दिवशी पार खाली बसले. अडत्यानं बोट खुपसलं अन् निम्मा भाव केला. थोरल्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता त्या पैशात व्हायचा होता.

हे पुतणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "काका, तो गूळ वाहतच होता. सावकाश, म्हणून सकाळी दिसला नाही."

आबा मला एका शब्दानं बोलले न्हाईत. ताप उतरल्यावर पुढच्या आदणाला त्यांनी माझा हात धरून वाटीत बुडवला आणि वरनं पाक सोडला. बोटं पोळली.

"वळ."

वळली.

"वाजव आता."

काठावर आपटली, थप्प झालं.

"अजून हाय," म्हणाले, आणि चुलवाणाकडं वळून जाळ घालायला सांगितलं.